स्वच्छ आकाशाचा अंदाज

मात्रोना गेली एकतीस वर्षं सैबेरियातल्या आमच्या गावच्या धावपट्टीवर हवा मोजते. दर तीन तासांनी पारा बघायचा, वारा बघायचा, दोनदोनशे मीटरवर रोवलेल्या खांबांपैकी किती दिसतात ते मोजायचं आणि बिनतारीवर याकुत्स्कच्या विमानतळाला कळवायचं. बाई जिभेची फटकळ, पण नवरा गेला त्या दिवशीही तिची एक नोंद चुकली नाही.

तिची एकुलती लेक सार्दाना मॉस्कोत. चार वर्षं झाली, पोर घरी आली नव्हती. रेडिओवर सगळ्या देशाचा तीन दिवसांचा अंदाज सांगतात. आमचा मुलूख, याकुतिया, सुरुवातीलाच उरकतो, पण मात्रोना मॉस्को येईपर्यंत कान लावून बसायची. "उणे अठरा! टोपी तरी घालते की नाही, देव जाणे," असं रोज पुटपुटायची.

यंदा सार्दानाला पाच दिवसांची रजा मिळाली. अंदाज आला, "याकुतिया, आकाश स्वच्छ, वारा शांत, उणे बावन्न." मात्रोना हरखली आणि गावभर सांगत सुटली.

"मात्रोनाताई, साठी आली, आता उड्या पुरे!" शेजारचा येगोर म्हणाला.

"तुझ्या का पोटात दुखतंय? जा, न्हाणीघर तापव. लेक येतेय माझी!"

सार्दानाच्या विमानातून गावातल्या आणखी चार घरांचे पाहुणे येणार होते. सकाळी घराघरात चुलीत दुप्पट ओंडके पडले, घोड्याचं मांस रटरटू लागलं.

दहाच्या नोंदीला मात्रोना बाहेर आली आणि तिनं डोळे चोळून दोनदा मोजलं. खांब दिसत होते दोन. वारा नसला की थंडीत गावचा धूर, वाफ, माणसांचा श्वाससुद्धा जागचा हलत नाही, धुकं होऊन बसतो. हे गावाला शिकवलं तिनंच, आणि आनंदाच्या भरात विसरलीही तीच.

विमान निघालेलं होतं. उतरायला किलोमीटरभर दिसायला हवं.

"पाच खांब सांगा की," पाहुणीला घ्यायला तिच्याबरोबर आलेला येगोर हळूच म्हणाला. "पायलट सराईत आहे, उतरवेल."

तिनं आत जाऊन बिनतारीचा माइक उचलला.

"दोन खांब," ती म्हणाली. "चारशे मीटर."

मग ती हातमोजे न घालताच बाहेर धावली. धुकं घरांच्या छपराएवढंच उंच होतं. त्याच्यावर लख्ख ऊन असणार. विमानाचा आवाज आला, गावावरून एक घिरटी झाली, दुसरी झाली, आणि आवाज दक्षिणेला निघून गेला. पाचांतले दोन दिवस पोरीचे येण्यातच सरले होते, दोन परतीला लागणार होते, आणि वारा सुटल्याशिवाय धुकं हलणार नव्हतं. या रजेत आता ती येणार नव्हती.

येगोरनं तिचा दंड धरला. "आत चला, ताई. हात गोठतील."

"थांब रे जरा," मात्रोना वर बघतच म्हणाली. "चार वर्षांत इतकी जवळ आली नव्हती ती."