मेलेला दीर सुखरूप

‘बाळाराम धोंडू : सुखरूप’ असं कॉम्प्युटरवर आलं. बाळाराम माझा धाकटा दीर. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. त्या घरात राहत होत्या दोघी, त्याची बायको पारू आणि सून शांता. त्यांची नावं कुठंच नव्हती.

आदल्या दिवशी कापडे गावाच्या वर आमच्या वाडीवर डोंगर खाली आला होता. मी कळंबोलीला, मुलीच्या फ्लॅटमध्ये. सुलभा घरी बसून वेबसाइटी बनवायची. गावच्या मंडळाचीही तिनेच बनवली. तिचं सॉफ्टवेअर फुकट असतं, कोणीही घ्यावं, हवं तसं बदलावं. त्यात वाडीतल्या घरांची यादी होती. वाडीच्या गुरुजींनी पोलादपूरहून एकदाच कसाबसा फोन लावला, शाळेत आसऱ्याला कोण पोचलं ते मंडळाच्या चिटणिसाला सांगितलं. तो घरापुढे ‘सुखरूप’ करत गेला.

मी त्याला फोन लावला.

“काकू, बाळारामकडची बाई आली, एवढंच बोलले गुरुजी. मग लाइन गेली.”

“कंची बाई? दोन हायत.”

“यादीत एकच नाव हाय ना.”

यादी मीच सांगितली होती. सुलभानं विचारलं होतं, “आये, बायकांची नावं?” मी म्हटलं, “घरटी एक नाव पुरे. बायका कुठं जातायत?” घर बाळारामच्या नावावर, म्हणून मेला तरी तोच ठेवला.

सुलभा प्रत्येक माणसाची वेगळी ओळ करायला बसली. मधेच सगळं पान पांढरं झालं. “एक खूण चुकली गो आये, थांब.” शांताचा नवरा सुरतेहून सारखा फोन करत होता, “काकी, काय दिसत का नाय?” काय सांगू त्याला? तासाभरानं पान परत आलं. मग ती मला एकेका घरातल्या बायकांची नावं विचारू लागली. ज्यांच्याबरोबर जन्मभर भाताची लावणी केली, त्यातल्या निम्म्या बायकांची नावं मला ठाऊक नव्हती. अमक्याची आई, तमक्याची सून, एवढंच.

नवरा गेल्यावर मी गाव सोडलं तेव्हा पारू पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आली होती. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, “जा गो तू. म्हशीला कोण बघल?” मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. फ्लॅटला दोनच खोल्या.

तुम्ही मंडळातलेही कोणी वाशीला, कोणी सुरतेला गेलात. गावाला घर आहे म्हणता. मीही म्हणायची. आता घर विचारलं की मी माणसांची नावं सांगते.

तिसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन लागला. सुलभानं बाळारामचं नाव काढलं. त्याच्या जागी दोन ओळी आल्या. पार्वतीपुढची, म्हणजे आमच्या पारूपुढची जागा रिकामी राहिली.

वाचली ती शांता.