चार नंबरची दोरी

माझ्या बायकोने एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे लंगोट धुतले आणि मी ते इस्त्री केले. यात लिहिण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. परवा दवाखान्यात जुनी सिस्टर नव्या सिस्टरला शिकवत होती, "आईने सांगितलेला आकडा लिहायचा नाही. एकेक लंगोट उलगडायचा, हात लावायचा, मग लिहायचं." नवीने विचारलं, "असं कुणी ठरवलं?" जुनी म्हणाली, "पहिल्यापासून आहे." पहिल्यापासून नव्हतं. तिथे बोलायला माझं तोंड उघडलं नाही, म्हणून इथे लिहितो. कुठे चुकलं तर आमची ही दुरुस्त करेलच. लग्नापासून तिचा तो उद्योग अखंड चालू आहे.

दवाखाना धर्मादाय. बोळाच्या टोकाला बसकी इमारत, पुढे तपासायची खोली आणि मागे सहा पलंगांची. ज्यांची बाळं अगदीच किरकोळ जन्माला आली, ज्यांना घरी आराम नाही, अशा बायका बाळाला घेऊन तिथे पंधरा-वीस दिवस राहतात. त्यांच्याकडून कसले पैसे घेत नाहीत. मागच्या अंगणात धुण्याचा दगड आहे, आणि पत्र्याच्या छपराखाली माझं इस्त्रीचं टेबल.

ही आधी एका लॉजच्या चादरी धुवायची. दवाखान्यातली धुणंवाली काम सोडून गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हिला विचारलं. पगार लॉजपेक्षा कमी होता. मी म्हटलं, "विचार कर." ती म्हणाली, "केला. इथले मळवणारे निदान निष्पाप आहेत." झालं, आम्ही दोघंही इकडे आलो. महिन्याभरात ती सगळ्यांची मावशी झाली. मला मात्र अजूनही बरेच जण 'मावशींचे ते' म्हणतात. ते खोटं नाही.

सहा पलंगांना सहा बादल्या आणि सहा दोऱ्या, ही पद्धत तिची. एका बाळाचं कापड दुसऱ्याला लागू नये म्हणून तिने प्रत्येक पलंगाच्या लंगोटांना काठाशी वेगळ्या रंगाचा दोरा घातला होता. चार नंबरचा निळा. आया ओले लंगोट आपापल्या बादलीत टाकत, आणि ही रोज सकाळी बादल्या उचलून आणी. लंगोट किती ओले झाले ते सिस्टर आईला विचारून तक्त्यावर लिही. पोटात दूध गेलं तर लंगोट ओला होणार, हा साधा हिशोब. दिवसाचे सहा-सात झाले की डॉक्टरीणबाई निर्धास्त.

पंधरा वर्षं झाली असतील. चार नंबरवर एक एकोणीस-वीस वर्षांची पोर आली. पहिलटकरीण. मुलगी झालेली, वजन पावणेदोन किलो. पोर बोलायची कमी, आणि बोलली तरी आधी दाराकडे बघायची. दारात बहुतेक वेळा तिची सासू असायची. सासू दुष्ट नव्हती, पण घाईची होती. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "हिला दूध पुरलं तर ठीक. नाही पुरलं तर पोर मी माझ्या लेकीकडे नेऊन ठेवीन. तिचं अंगावर पितं मूल आहे, दोन पाजेल." लेक राहायची दुसऱ्या गावात, एक दिवसाच्या वाटेवर. मी हे छपराखालून ऐकलं. त्या पोरीने मान खाली घातली ती वर केली नाही.

आठवडा गेला. तक्त्यावर चार नंबरचे लंगोट रोज सात. वजन मात्र रोज थोडं खाली. पहिले काही दिवस बाळाचं वजन उतरतंच, म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाट पाहिली. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. एवढे लंगोट ओले होतायत, म्हणजे दूध जातंय. मग वजन कुठे जातंय? पोटात किंवा मूत्रपिंडात काही दोष असावा, असा त्यांचा अंदाज. त्या सिस्टरला म्हणाल्या, "उद्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवू. सुया टोचाव्या लागतील, पण इलाज नाही." सासूच्या कानावर ते गेलं. "सुया बिया काही नको," ती म्हणाली. "उद्या दुपारी गाडी घेऊन येते. पोर लेकीकडे जाईल."

त्याच दुपारी मी वाळलेल्या कपड्यांना इस्त्री करत होतो. मी सहसा कुणाचं तोंडावर कौतुक करत नाही, जमत नाही. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी हिला म्हणालो, "अगं, बाकीच्यांचे लंगोट पिवळट पडले, हे निळ्या दोऱ्याचे बघ. नव्यासारखे. काय धुतलेस."

दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. ही हात पुसत आली, माझ्या हातातला लंगोट घेतला, उजेडाकडे धरला.

"हे मी बाकीच्यांसारखेच धुतले," ती म्हणाली.

"मग पाणी चांगलं लागलं असेल."

"सहा बादल्यांना एकच पाणी आहे."

तिने निळ्या दोऱ्याचे बाकीचे लंगोटही एकेक करून उजेडाकडे धरले. ती असं निरखून बघायला लागली की मला धास्ती वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखं केलं नाही. रोज ती बादली आणली की आत पाणी आणि सोडा ओतून मोकळी व्हायची. गुडघे दुखतात, पुन्हा पुन्हा वाकायला नको म्हणून. त्या दिवशी चार नंबरची बादली कोरडीच दगडावर उपडी केली आणि एकेक लंगोट उलगडून पसरला. सात होते. मला हाक मारली, "अहो, इकडे या. नाक घेऊन या."

मी वास घेतला. कशाचाच वास नव्हता.

"बाळ मध्ये भिजवतं," ती म्हणाली. "मध्ये डाग, कडा कोरड्या. हे बघा, चारी कोपरे चिंब. बाळ काय कोपरे मोजून मुततं का?"

सातातल्या एकाच लंगोटाला मध्ये छोटासा पिवळा ठिपका होता. बाकी सहा नळाखाली धरलेले.

मी म्हणालो, "आपण कपडेवाले. यात पडू नकोस. हात दाखवून अवलक्षण कशाला? सिस्टरच्या तक्त्याला आपण खोटं म्हणायचं?"

"मी कुठे काय म्हणतेय? कपडेच म्हणतायत," ती बोलली, आणि ठिपक्याचा एक आणि चिंब एक असे दोन लंगोट घेऊन आत गेली. मी दारापर्यंत गेलो. पुढे जायचं धाडस झालं नाही.

पोर पलंगावर बसली होती, मांडीवर बाळ. बाळ रडतही नव्हतं. ही स्टुलावर टेकली आणि हलक्या आवाजात विचारलं, "पोरी, नळ कुठला वापरतेस? बाहेरचा की मोरीतला?"

पोरीचा चेहरा कागदासारखा झाला. मग म्हणाली, "मोरीतला."

"त्याला धार नाही गं. सहा-सहा भिजवायचे म्हणजे हात भरून आले असतील."

पोर रडायला लागली. "दोन दिवस मिळाले तर दूध येईल असं वाटलं, मावशी. मग अजून दोन. दूध नाही असं कळलं तर ही जाईल. तिकडे गेली की ती त्यांनाच आई म्हणेल."

"आणि अशी राहिली तर कुणालाच म्हणणार नाही," ही म्हणाली. हे वाक्य मला दारातही जड गेलं. पण तिने ते ओरडून म्हटलं नाही, बाळाच्या पायाची घडी नीट करता करता म्हटलं. "आता ऊठ. डॉक्टरीणबाईंना तू सांगायचंस. मी सांगितलं तर चहाडी होईल. तू सांगितलंस तर औषध होईल. मी शेजारी उभी राहते."

पोरीने सांगितलं. अडखळत, पण सगळं. आता बाई कडाडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले होते. बाईंनी दोन्ही लंगोट हातात घेतले, उलटसुलट केले आणि सिस्टरला म्हणाल्या, "चूक आपली आहे. आठ दिवस आपण आकडा विचारला, कापडाला हात लावला नाही. ते मावशींना करावं लागलं." माझी बायको तेव्हा भिंतीकडे बघत होती. तिला स्तुती सोसत नाही, यात आमचं जमतं.

मग बाईंनी पोरीला हाताने दाबून दूध काढायला लावलं. आणि दूध निघालं. थेंब थेंब, पण निघालं. दूध होतं, बाळच इतकं अशक्त होतं की दोन घोट ओढून दमायचं आणि झोपायचं. पोटभर प्यायलं म्हणून झोपलं, असं त्या बिचारीला वाटायचं. बाईंनी सांगितलं, दर दोन तासांनी दूध काढायचं, वाटीत घ्यायचं, चमच्याने पाजायचं, आणि बाळ दिवसभर उघड्या छातीशी बांधून ठेवायचं. उद्या संध्याकाळपर्यंत फरक दिसला नाही तर मात्र तडक हॉस्पिटल.

दुपारी सासू आली. बाहेर गाडी उभी. बाईंनी समजावलं, तीन दिवस मागितले. सासू ऐकेना. तेव्हा ही पुढे झाली.

"तुम्ही कोण?" सासूने विचारलं.

"धुणंवाली."

"मग धुणं धुवा."

"तेच करतेय. तुमच्या नातीचं खरं धुणं काल एक आलं. तीन दिवसांनी या आणि माझ्याजवळ दगडावर बसून मोजा. वाढलं नाही तर मी स्वतः पोर गाडीत आणून देते."

"आणि दगडावर बसून माझी कंबर धरली तर?"

"ह्यांच्याकडे गरम इस्त्री आहे, शेकून देतील."

सासूला हसू आलं, ते तिने पदराने दाबलं. गाडी रिकामी परत गेली.

ते तीन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. ही वेळ-अवेळ खोलीत जायची, आणि मी दोरीकडे बघायचो. आता त्या दोरीवर फक्त खरे लंगोट येत होते. पहिल्या दिवशी दोन. पाण्याच्या टाकीशी जाऊन मी उगाचच तोंड धुऊन आलो. दुसऱ्या दिवशी चार. त्या सकाळी खोलीतून रडणं ऐकू आलं, चांगलं ठणठणीत, आणि ही आतून ओरडली, "अहो, ऐका, चार नंबरला राग आला." बाईंनी हॉस्पिटलची चिठ्ठी फाडून टाकली. माझा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी सासू सांगितलेल्या वेळेच्या आधीच आली आणि खरोखर दगडावर बसली. हिने बादली उपडी केली. एकेक लंगोट उलगडून तिच्या हातात दिला. वास घ्यायला लावला. सासूने नाक मुरडलं नाही, नीट बघितलं, मध्ये डाग, कडा कोरड्या. सहा भरले. सातवा पोरीने स्वतः आणला, ताजा, अजून कोमट. तो तिने सासूच्या हातावर ठेवला आणि पहिल्यांदा दाराकडे न बघता बोलली, "आत्ताचा आहे."

मग वजन झालं. तीन दिवसांत ऐंशी ग्रॅम वर. सासूने काटा दोनदा वाचायला लावला.

पोर अजून बारा दिवस राहिली. चमचा सुटला, बाळ अंगावर ओढायला लागलं. घरी न्यायच्या दिवशी सासू गाडी घेऊन आली, तशी पोरीने बाळाला घट्ट धरलं. इतक्या दिवसांची भीती एकदम कशी जाईल? सासू पलंगापाशी उभी राहिली. तिने हात पुढे केले, आणि पलंगाखालची कपड्यांची पिशवी उचलली.

"लेकीला कळवलंय," ती म्हणाली. "तिचं तिला पुरे. चल, पोरीला ऊन लागेल. डोक्यावरून घे तिच्या."

माझी बायको दोरीवरचे निळ्या काठाचे लंगोट काढत होती. पोर वाकून तिच्या पाया पडायला लागली, तर ही म्हणाली, "बाळ घेऊन वाकू नकोस, दूध उलटेल." एवढंच. मी छपराखालून बघत होतो. ही माझी बायको आहे, असं बोळातल्या कुणालातरी थांबवून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. आणि तेवढ्यात इस्त्रीखालचा लंगोट करपला. एकोणतीस वर्षांत माझ्या हातून करपलेला तो एकच. ही मला त्याबद्दल बोलली, आणि ते रास्तच होतं.