पंचवीस मिनिटांचं स्टेडियम

आधी काकांचं सांगतो, मग बाकीचं. काका म्हणजे आमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, माझ्या शेजारच्या रांगेत मशीन चालवणारे ओडिशाचे कारागीर. नात्याचे नाहीत, भाषेचेही नाहीत. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत. फुटबॉलशी त्यांचं काही देणंघेणं नाही. मॅचच्या दुसऱ्या दिवशी "कौन जीता?" विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत बॉबिन बदलायला निघून जातात. त्या रविवारी त्यांनी स्वतःची आठ आणि माझी आठ अशी सोळा मशीनं एकट्याने सांभाळली, म्हणून मी सभेला जाऊ शकलो. सभेत जे झालं त्याचा राग अजून उतरलेला नाही. त्या रागात काकांचं राहून जाऊ नये, म्हणून त्यांना आधी लिहून टाकलं.

मी आठवीत शाळा सोडली आणि धुळे जिल्ह्यातून मामाच्या मागे सुरतेत, लिंबायतला आलो. त्याला आता अकरा वर्षं झाली. स्वभाव घाबरट. गावाकडून फोन वाजला की उचलायच्या आधीच घरात कोणी आजारी पडल्याचं डोळ्यांसमोर येतं. खात्यातल्या मास्तरने, म्हणजे मुकादमाने, लांबून हात केला तरी वाटतं, गेलं काम. फक्त मॅचचे दोन तास तसं होत नाही. सातला पाळी सुटते, साडेसातला मॅच. रेल्वेखालच्या गरनाळ्यातून चालत गेलं की उधन्याकडचं जुनं मैदान. तेलाच्या डागांच्या शर्टातच मी गोलच्या मागे उभा राहतो. तिथे मी कशालाच घाबरत नाही. माझ्यासाठी सगळा फुटबॉल एवढाच आहे आणि तेवढाच मला हवाय.

मग बातमी आली की आमच्या फुटबॉल क्लबसाठी नवीन स्टेडियम होणार. कुठे, तर तापीपलीकडे, ओलपाडच्या रस्त्याला.

खात्याबाहेरच्या चहाच्या लारीवर त्या संध्याकाळी जी जुंपली! आमच्या गावाकडचा एक रिक्षावाला आहे, गोलच्या मागे माझ्या शेजारी उभा राहणारा. तो अहिराणीतच भांडतो.

"तठे जाशी कसा? उडीसन?"

मास्तर म्हणाला, "तुझी तर चांदी आहे की. इथून तिथपर्यंत भाडंच भाडं."

"आन येताना रिकामी आनू का? गॅस तुना बाप भरी?"

"अरे, तिकडे जमीन स्वस्त आहे. खर्च कमी येतो. मोठं स्टेडियम झालं तर सुरतचं नाव होईल."

"नाव हुई, आन आपण टीव्हीवर देखसूत!"

मी म्हटलं, "स्वस्त त्यांना पडतं. त्यांचं जे वाचतं ते आपण दर मॅचला बसला आणि रिक्षाला द्यायचं. बमरोलीला बंद मिलची एवढी जागा पडून आहे, ती का नको?"

मास्तर हसला. "जा मग, सांग त्यांना. रविवारी सभा आहे. सगळ्या चाहत्यांना बोलावलंय."

त्याला वाटलं मी जाणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. पण पाळी बदलायच्या दिवशी मोकळा वेळ मिळाला, तेव्हा मी घड्याळ लावून त्या जागेपर्यंत जाऊन आलो. लिंबायतहून वाट्याची रिक्षा, मग बस, मग दुसरी बस, आणि शेवटी शेताच्या कडेने पायी. जाताना दोन तास दहा मिनिटं लागली. सातला सुटणारा माणूस पोहोचेपर्यंत मॅच संपत आलेली असणार. परतीच्या बसचं विचारलं तर थांब्यावरचा माणूस म्हणाला, अंधार पडल्यावर इकडे काही येत नाही. हे सगळं मी एका कागदावर लिहून घेतलं. माझं अक्षर वाईट आहे, पण वेळा बरोबर होत्या.

रविवारी आमची दिवसपाळी होती. मशीन सोडून जायचं तर मास्तर त्या जागी दुसरा माणूस लावतो, आणि लावलेला माणूस मग हलत नाही. मी काकांना कागद दाखवला. त्यांना मराठी वाचता येत नाही. तरी त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "जा. बोल के आ. मैं देख लूँगा."

सभा वेसूच्या एका हॉटेलात होती. हॉल इतका गार आणि इतका शांत, की मला माझाच श्वास ऐकू येत होता. पडद्यावर नकाशा होता. त्यावर लिहिलं होतं, शहरापासून फक्त पंचवीस मिनिटं. कोणत्या शहरापासून? कोणत्या वेळेला? कशात बसून? कोणी विचारलं नाही. एकाला पार्किंग फुकट हवं होतं. दुसऱ्याला डोक्यावर छप्पर हवं होतं. तिसरा म्हणाला, खर्च फार वाटत असेल तर गोलच्या मागची उभं राहायची जागा काढून टाका, तशीही तिथे गडबड करणारी मंडळी असतात. टाळ्या पडल्या. मी त्या मंडळींपैकी एक, शेवटच्या रांगेत बसून ऐकत होतो.

मी हात वर केला. माइक आला. आयुष्यात पहिल्यांदा माइक धरला होता, आणि बोललो तसाच, जसा रोज बोलतो.

इथे एक सांगायला हवं. शंभर मशीनं धडधडत असतात तिथे आम्ही बारा बारा तास काढतो. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर घसा फाडून बोलावं लागतं. लांबच्या माणसाचे ओठ वाचावे लागतात. काही वर्षांनी बाहेरही तोच आवाज राहतो, आपला आपल्याला कळत नाही. मी नुसतं "नमस्कार, मी लिंबायतहून आलोय" म्हटलं आणि माइक किंचाळला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी कानांवर हात ठेवले. कोणीतरी म्हणालं, "पीने आव्यो छे के शुं?" पिऊन आलाय का, असं. हॉल हसला.

सूत्रसंचालक गोड आवाजात म्हणाला, "भाई, शांति से. यहाँ झगड़ा नहीं करना है."

मी झगडत नव्हतो हो. तोपर्यंत मला राग आलेलासुद्धा नव्हता. मी पहिली वेळ वाचली, दुसरी वाचायला लागलो, तेवढ्यात एका पोराने माझ्या हातातून माइक काढून घेतला.

मग मंचाकडे बघितलं. दोघे मोठे पाहुणे एकमेकांकडे झुकून कुजबुजत होते. ओठ स्पष्ट दिसत होते. एक म्हणाला, "बोलवा दो थोडी वार. जगा तो नक्की ज छे." थोडा वेळ बोलू द्या, जागा तर ठरलेलीच आहे.

आता मात्र आला राग. मी हात वर करून ओरडलो, "जागा ठरलीच आहे तर आम्हाला बोलावलं कशाला? आत्ता म्हणालात ना तुम्ही?"

दोघे सरळ होऊन बसले. हॉलमधली माणसं मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. "कोण म्हणालं? कधी?" कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मी काय सांगणार, की ओठ वाचले? मला पाण्याची बाटली दिली आणि बाहेर सोफ्यावर बसवलं, पाहुण्यासारखं.

परतीच्या बसमध्येच मोबाइलवर मेसेज आला. चाहत्यांचा नव्या जागेला उत्साहात पाठिंबा. सोबत फोटो. फोटोत सगळ्यात ठळक दिसतो तो माझा वर केलेला हात आणि उघडं तोंड. जयजयकार करतोय असं वाटतं. उतरल्यावर चहाच्या लारीवर मी तो फोटो रिक्षावाल्याला दाखवला. त्याने माझा कागद बघायला मागितला.

खात्यात पोहोचलो तेव्हा माझी आठही मशीनं चालू होती. काकांची तीन बंद. सोळा एका माणसाला झेपत नाहीत, कोणालाच नाहीत. धागे तुटायला लागले तेव्हा त्यांनी स्वतःची थांबवली आणि माझी चालू ठेवली. आम्हाला मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी ओठांनीच विचारलं, "बोला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"क्या बोले वो लोग?"

"बोले, बहुत ज़ोर से बोलता है."

काका इतके हसले की त्यांना मशीनला टेकावं लागलं. मग माझ्या कानाशी येऊन ओरडले, "फिर बुलाए तो फिर जाना! और ज़ोर से बोलना!"

जाणार आहे. कागद जपून ठेवलाय, रिक्षावाल्याने स्वतःच्या रिक्षाने जाऊन मोजलेल्या वेळाही त्यात घातल्यात. स्टेडियम बहुतेक तिकडेच होईल. पण पाठिंबा दिला असं माझ्या तोंडावर लिहून ते होणार नाही.

आणि काकांचं. पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न आहे. गावी दोन महिने राहायचं त्यांच्या मनात आहे, पण इतके दिवस गेल्यावर आपली मशीनं दुसऱ्याच्या हातात दिसतील म्हणून बोलत नाहीत. मी आत्तापासून त्यांच्या रांगेतली दोन दोन मशीनं मागून घेतोय, हात बसावा म्हणून. लग्नाच्या वेळी मामाच्या एका पोराला सोबत घेईन, मास्तरशी भांडायचं ते भांडेन. काका स्टेशनवर उतरून थेट स्वतःच्या मशीनपाशी येतील, कोणाला विचारायची गरज पडणार नाही. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवतो.