चौदा नंबरची चिठ्ठी

माझी नोकरी वाचवली ती नऊ नंबरच्या मावशींनी. हे आधीच सांगते, कारण त्यांच्याबद्दल मी मनात काय काय आणलं ते पुढे येणारच आहे.

आठवीत शाळा सुटली तेव्हा ‘चेक’ म्हणजे मला बँकेचा कागद एवढंच ठाऊक होतं. परभणीकडून मुलुंडला आले आणि जिकडेतिकडे तोच शब्द. बसमधून उतरायचं चेकनाक्याला. शर्टांच्या ज्या कारखान्यात लागले तिथे कापड चेक्सचं, काम चेकिंगचं आणि आम्ही बायका चेकर. सुटताना गेटवरची बाई पिशवी चेक करायची, रिकामा डबासुद्धा उघडायला लावायची. आईला ताप आला की मीच फोनवर म्हणायचे, जाऊन चेक करून घे. तिथे हा शब्द मायेचा वाटायचा. इथे मात्र वाटायचं, कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे. मग मीही सगळ्यांवर ठेवायला लागले.

आमच्याकडे नावानं कोणी ओळखत नाही, नंबरनं ओळखतात. शर्ट तपासून ओके केला की खिशात आपल्या नंबरची चिठ्ठी टाकायची. पुढे खोट निघाली तर चिठ्ठी बघून माणूस धरतात. माझा नंबर चौदा. तीन महिने ट्रायल होती, त्यात एक पीस परत आला की घरी. घरी म्हणजे गावी, आणि गावी स्थळं बघून ठेवलेली.

भीतीनं मी जेवणाच्या सुट्टीतून लवकर परतायचे आणि सगळ्यांचा ओके झालेला ढीग पुन्हा उचकायचे. कॉलर, कफ, बटणं. पाहिलं की सवयीनं चिठ्ठी खिशात.

ट्रायलचा शेवटचा आठवडा होता. माल बघायला आलेल्या माणसानं एक शर्ट बाजूला काढला. काखेत शिवण उसवलेली, खिशात चौदा नंबर. सुपरवायझरनं मला टेबलापाशी बोलावलं. काखेत बघायला मी विसरले असेन हे डोक्यातच आलं नाही. डोक्यात आलं ते एवढंच, की माझ्या चिठ्ठ्यांच्या डबीशेजारी मावशी बसतात, आणि कालच त्यांचा हात मी डबीपाशी पाहिला होता. मी म्हणाले, माझी चिठ्ठी दुसऱ्या कोणीतरी टाकलीय. नाव घेतलं नाही, पण बघितलं मावशींकडेच.

मावशी मालवणकडच्या, वीस वर्षं याच कामात. त्या उठल्या, शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली आणि तळाशी दुमडलेली आणखी एक चिठ्ठी काढली. नऊ नंबर.

“ह्यो पीस माझो,” त्या माझ्याकडे बोट दाखवत सुपरवायझरला म्हणाल्या. “ह्या चेडवान माझ्यावर परत चेक केल्यान, इतक्याच.”

“म्हणजे दोघींनी बघून भोक तसंच?” सुपरवायझर म्हणाला.

त्या गप्प राहिल्या असत्या तर तळातली चिठ्ठी कोणीच शोधली नसती. दुसऱ्याच्या ओके पिसात आपली चिठ्ठी टाकायची नसते, हे मला त्या दिवशी कळलं. कालचा तो हातही कळला. खाली सांडलेल्या माझ्या चिठ्ठ्या त्या डबीत भरत होत्या.

पीस नऊ नंबरच्या नावावर लागला आणि मी टिकले. मावशींना चेकिंगवरून काढून खाली बसून धागे कापायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, “गो, तू माका वाचवलंस म्हण. उजव्या डोळ्यान माका वर्षभर धड दिसत नाय. सांगूक भियत होतंय, आता सुटलंय.”

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितलाय. मुलगा आखातात, सोबतीला कोणी नाही म्हणून त्या ऑपरेशन पुढं ढकलतायत. मी त्यांना सांगून ठेवलंय: मावशी, ज्या दिवशी तुम्ही हो म्हणाल त्या दिवशी मी रजा टाकेन, पट्टी सुटेपर्यंत तुमच्याजवळ राहीन आणि डोळ्यात थेंब मीच घालेन.