मशीनवरचं कुंकू

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची आमदारकी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरासमोर पार येवला-इगतपुरीहून आलेल्या जीपगाड्या उभ्या असत, त्या महिन्याभरात दिसेनाशा झाल्या. लोकांना आपण नकोसे झालो, हे अण्णांनी मनाला लावून घेतलं. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला फार राग यायचा.

पुढे महापालिकेची निवडणूक लागली. पक्षानं तिकीट दिलं नाही म्हणून अण्णा अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. आमदार राहिलेला माणूस आता नगरसेवक व्हायला निघालाय, असे टोमणे लोक तोंडावर मारत. या वेळी पडले तर अण्णा घराबाहेरच पडायचे नाहीत, अशी मला धास्ती होती. म्हणून मोजणीला त्यांची प्रतिनिधी म्हणून मीच बसले.

काय तो दिवस! तेव्हा मतपत्रिका होत्या. गठ्ठा सुटला की मी पुढे वाकून एकेक मत मोजायचे. अण्णा कधी बारा मतांनी पुढे, कधी नऊनं मागे. पाणी प्यायलासुद्धा मी उठले नाही. शेवटचा गठ्ठा संपला तेव्हा अण्णा आणि त्यांचे विरोधक अगदी बरोबरीत होते, आणि एकच शंकास्पद मतपत्रिका बाजूला उरली होती.

शिक्का मशीनवर, अगदी नीट. पण त्याच्या शेजारी बोटानं लावलेलं लालभडक कुंकू.

मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली की मत बाद, हा नियम मला पाठ होता. हे बोट कोणाचं, याबद्दलही मला शंका नव्हती. मतदानाच्या दिवशी सकाळी आईनं अण्णांना ओवाळलं होतं आणि तशीच मत द्यायला गेली असणार. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"कुंकू आहे साहेब," मी अधिकाऱ्यांना म्हणाले. "कोणाचं ते कसं कळणार?" इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

विरोधकांचे प्रतिनिधी आमच्याच गल्लीतले चष्मेवाले काका होते. ते म्हणाले, "बोटाचा ठसा आहे हा. ठशावरून माणूस ओळखता येतो."

"रेषा दिसतायत का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

काकांनी खिशातून भिंग काढलं. त्यांना तिथल्या तिथे उचलून बाहेर न्यावं, असं मला वाटत होतं. त्यांनी बराच वेळ निरखलं, मग भिंग पुसून खिशात ठेवलं.

"नाही साहेब. नुसतं फासलंय. रेषा नाहीत."

मत धरलं गेलं. फेरमोजणी झाली. अण्णा एका मतानं निवडून आले. मी काकांना वाकून नमस्कार केला. "पुरे, पळ आता," ते कडवट तोंडानं म्हणाले. मी खरंच पळाले. गुलाल, फटाके, बँड, सगळी वरात आमच्या दाराशी आली. मी आईला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"आई, तुझ्या कुंकवानं आज जीव घेतला असता!"

सगळं ऐकून आई माझ्याकडे बघतच राहिली. "माझं नाही गं ते. इतक्या निवडणुका बघितल्या मी. साबणानं हात धुऊन गेले होते."

"मग कोणाचं?"

"असेल एखादी शिवणकाम करणारी. दसऱ्याला मशीनला लावतो, तसं लावलं असेल."

अण्णा दारात उभे होते, गुलालानं माखलेले. "शिक्का कुठे होता आणि कुंकू कुठे, नीट सांग," ते म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. बाहेर बँडवाले खोळंबले होते, लोक हाका मारत होते आणि अण्णा हलेनात.

दुसऱ्या दिवशी ते वॉर्डात आभार मानायला निघाले. मी बरोबर होते. मत गुप्त असतं, विचारायची सोय नव्हती. ज्या घरातून मशीनचा आवाज यायचा, त्या प्रत्येक दाराशी अण्णा चपला काढून उभे राहत आणि हात जोडत.