वामन पराते आणि ते सहा महिने

वामन पराते गेला तेव्हा मी मायक्रोस्कोपखाली दुसऱ्याच कुणाची जीभ पाहत होतो. विभागातल्या रामाजींनी दारातूनच सांगितलं, "सर, पराते सर गेले म्हणते. त्यांच्या कॉलेजातून फोन होता." मी "बरं" म्हणालो आणि काच पुढे सरकवली. त्या काचेचा रिपोर्ट लिहून, सही करूनच उठलो. मी कोडगा आहे असं माझी बायको म्हणते आणि ते काही खोटं नाही. पेशींकडे बघून लोकांची आयुष्यं ठरवण्याचा धंदा पंधरा-सोळा वर्षं केला की कातडी जाड होते. पण त्या दिवशी न उठण्याचं कारण निराळं होतं. ही बातमी मला अडीच वर्षांपूर्वीच मिळाली होती. वामनच्या तोंडातल्या तुकड्याची काच मी पाहिली होती, वेळेवर पाहिली होती, आणि त्याच्या सांगण्यावरून सहा महिने गप्प बसलो होतो. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना त्याचे गुण सांगायचे असतात. ते सांगतोच... पण हे आधी सांगितल्याशिवाय मला पुढचं एक वाक्य लिहवणार नाही.

आमची गाठ पडली साठच्या दशकाच्या सुरुवातीला, होस्टेलवर. तो उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा. मी पवनीकडचा, छप्पन साली वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा पांढरा सदरा घालून त्यांचं बोट धरून आलेला. पहिल्यांदा तो मला उमरेडला घरी घेऊन गेला तेव्हा एस.टी.त मी अर्ध्या वाटेपर्यंत तिकिटाच्या घड्या घालत बसलो. शेवटी विचारलंच, "घरी काय सांगितलंस माझ्याबद्दल?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सांगितलं का तुले तिखट चालत नाही. बस." त्याच्या आईने एकाच पातेल्यातला सावजी रस्सा दोघांच्या ताटांत वाढला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा सगळं घर हसलं. ते पाणी नुसतं तिखटाचं नव्हतं, हे वामनला कळलं असावं, कारण तो एकटा हसला नाही. पुढच्या खोलीत त्याचे वडील, गोविंदराव, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगड्याचा काठ विणत होते. वामनने लहानपणी त्या मागासाठी सुताच्या हजारो कांड्या भरल्या होत्या. घर सोडून तो प्राणिशास्त्राकडे गेला, पण त्या मागाजवळून काही हलला नाही, असं मला नेहमी वाटतं.

पुढे मी मेडिकलला गेलो, पॅथॉलॉजिस्ट झालो. तो एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागला आणि फळांवर घोंघावणाऱ्या बारक्या माश्या पाळू लागला. गूळ, मक्याचं पीठ आणि केळं शिजवून तो बाटल्यांत भरायचा; त्यावर माश्या अंडी घालायच्या, अळ्या व्हायच्या. या अळ्यांना थोडा वेळ उष्णता दिली की त्यांच्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी काही मिनिटांत फुगवटे येतात. म्हणजे एरवी झोपलेली काही जनुकं खडबडून जागी होतात आणि पेशीला वाचवणारी प्रथिनं तयार करायला लागतात. जगात सगळीकडे हा प्रयोग करणाऱ्याला माश्या तापवाव्या लागतात. आमच्या वामनला त्या गार ठेवाव्या लागायच्या. मे महिन्यात त्याच्या प्रयोगशाळेत पारा बेचाळिसावर असायचा. ओलं पोतं गुंडाळलेली लाकडी पेटी, तिच्यात माठाचं पाणी, समोर वाळ्याचा कूलर, असा सगळा संसार. एका दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला, आणि जेवून येईपर्यंत सगळ्या बाटल्या मेल्या. एक सोडून. त्या बाटलीला त्याने सकाळीच कोमट पाण्यात धरून थोडं तापवलं होतं. तीच बाटली कॅरिअरला बांधून, तशा उन्हात सायकल मारत तो माझ्याकडे आला. "पाह्य गा भास्कर, पहिला चटका सोसला, म्हणून दुसऱ्यानं मेल्या नाहीत या." हा शोध परदेशात आधीच लागला होता, हे त्याला बऱ्याच महिन्यांनी जहाजाच्या टपालाने आलेल्या एका जुन्या अंकात वाचायला मिळालं. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हा म्हणाला, "म्हणजे खरं होतं तं!" आणि मला पोहे खायला घेऊन गेला.

ऐंशीच्या आसपास त्याला नवं वेड लागलं. जनुकाची अक्षरं तीच राहतात, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात. खूण बसली की ते जनुक गप्प होतं, निघाली की बोलायला लागतं. कॅन्सरच्या पेशींत या खुणा विस्कटलेल्या असाव्यात, अशी चर्चा तेव्हा नुकती कानावर यायला लागली होती. मी जुन्या वळणाचा. माझ्या लेखी बिघडलेली पेशी म्हणजे बिघडलेली पेशी, तिला कापून काढायचं. यावर आम्ही तासन् तास भांडायचो. तो मागाचाच दाखला द्यायचा. "मागावर सगळे धागे हजर असते का नाही? पाय कोणत्या फळीवर देता, त्यावर कोणते वर येते ते ठरते. तू म्हणून राहिला का धागाच तुटला. मी म्हणून राहिलो का धागा शाबूत आहे, पाय चुकला. पाय उचल." बोलताना त्याच्या गालात खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेली ती पुडी आमच्या नागपुरात कोण खात नाही? तो विद्यार्थ्यांना पेशींवर होणारे आघात शिकवायचा, वर्गातून बाहेर आला की पहिली पुडी उघडायचा. मी टोकलं की म्हणायचा, दिव्याखाली अंधारच असतो.

त्याच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला तो एका हिवाळ्यात. दाखवायला तो सरळ माझ्याकडे आला. आमच्याच एका दंतवैद्य मित्राने तुकडा काढून दिला, मी काच केली. पेशींची रांग मोडली होती, केंद्रकं काळी, मोठी, वेडीवाकडी झाली होती. पण खालचा पडदा शाबूत होता. पेशी अजून आत घुसल्या नव्हत्या. म्हणजे हा कॅन्सर नव्हे, त्याचा उंबरठा. या अवस्थेत चट्टा कापून काढला की माणूस आठवडाभरात कामावर जातो. मी त्याला तेच सांगितलं. त्याने स्वतः काच पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाला, "पडदा ओलांडला नाही ना? मंग थांब. मी खर्रा सोडतो. सहा महिने दे मले." मी म्हटलं, हा तुझ्या माश्यांचा प्रयोग नाही. तो म्हणाला, "धागा शाबूत आहे भास्कर. पाय उचलून तं पाहू दे." आणि मग, बायकोविषयी, "इंदूले नको सांगू. ती उद्याच आपरेशनच्या टेबलावर झोपवीन मले."

मी हो म्हणालो. का म्हणालो, याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ देऊन पाहिली. खर्रा सोडल्यावर असे चट्टे कधीकधी विरतात हे खरं आहे, पण इतके बिघडलेले चट्टे सहसा थांबत नाहीत हेही मला ठाऊक होतं. वाईट वळणाचा चट्टा असलेला कुणी दुसरा माणूस असता तर मी त्याच्या बायकोला बोलावून घेतलं असतं. खरं सांगायचं तर मला तो बरोबर ठरायला हवा होता. आयुष्यभर काचांवर 'बिघडलेलं' असं लिहीत आलो होतो. एकदा तरी कुणीतरी ते खोडून दाखवावं, असं मला वाटत होतं. मित्राच्या तोंडावर मी माझी ही हौस भागवली. रजिस्टरमध्ये त्या तपासणीची नोंदसुद्धा केली नाही.

त्याने खर्रा त्याच दिवशी सोडला, पुन्हा शिवलाही नाही. मी दर महिन्याला बॅटरी घेऊन त्याच्या गालात बघायचो. तिसऱ्या महिन्यात चट्टा खरोखरच लहान झाला, पाचव्यात तर कड शोधावी लागली. त्या रविवारी त्याने घरी रस्सा केला. गोविंदराव उमरेडहून आले होते. त्यांना चट्ट्याचं काही माहीत नव्हतं; वामनने आपलं सहजच विचारलं, "बाबा, विणताना पाय चुकला आणि मंग ध्यानात आलं, तं काय करता?" म्हातारा म्हणाला, "पाय उचलाचा. पुढचं बरोबर येते." वामन माझ्याकडे बघून हसला. म्हाताऱ्याने घास गिळला आणि तितक्याच साधेपणाने म्हणाला, "जे विणून झालं ते नाही सुधरत गा. ते कापाच लागते." वामन त्यावरही हसला. मी ताटात बघत राहिलो, आणि दुसऱ्या दिवशीही काही बोललो नाही.

माझी बॅटरी गालापर्यंत पोचत होती. शेवटच्या दाढेच्या मागे जखम होती, तिथे मी कधी बघितलंच नाही, कारण चट्टा तिथे नव्हता. सहावा महिना संपताना त्याचा कान दुखायला लागला, तोंड पूर्ण उघडेना. दुसऱ्या तुकड्याच्या काचेवर पडदा शोधायची गरजच पडली नाही; पेशी तो ओलांडून आत घुसल्या होत्या. मग अर्धा जबडा गेला, मानेतल्या गाठी गेल्या, कोबाल्टच्या किरणांचे शेक झाले. त्याचं बोलणं आता फक्त इंदूवहिनींना कळायचं. चाळीस-पन्नास पोरांना गप्प करणारा त्याचा आवाज त्या आम्हाला उलगडून सांगायच्या. त्याला रस्सा हवा असायचा. वहिनी तो फडक्यातून गाळून चमच्याने द्यायच्या, शेकाने सोललेल्या तोंडात आग व्हायची, तो टेबलाची कड धरून बसायचा आणि आणखी मागायचा. ते बघणं मला झेपायचं नाही, मी अंगणात जाऊन उभा राहायचो.

शेक संपून चार महिने झाले नाहीत तोच मानेत पुन्हा गाठ आली. मी बोटाने चाचपली, तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि काहीतरी बोलला. मला कळलं नाही. वहिनींनी सांगितलं, "ते म्हणून राहिले, अळ्या आहे ह्या. पहिला चटका सोसून तयार झाल्या." वहिनींना त्याचा अर्थ लागला नाही. पेशीला वाचवणारी जी यंत्रणा त्याने जन्मभर कौतुकाने पाहिली, तीच आता गाठीतल्या पेशींना वाचवत असेल, असं तो मला सांगत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हा लेख पुरवणीकडे पाठवण्याआधी मी गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. त्यांनी पेपरात वाचावं आणि मी इथे सुरक्षित बसावं, एवढा काही मी निगरगट्ट नाही. सगळं सांगितलं. सहा महिने म्हणालो, तेव्हा त्यांनी मान वर केली. "म्हणजे त्यांनी खर्रा सोडला तवा?"

"हो."

"मी तं देवापुढे साखर ठेवली होती, भाऊजी. म्हटलं, सुटला एकदाचा."

त्यांनी देवघराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "तो पहिला तुकडा कुठं आहे?" काचेसाठी तुकडा मेणात बसवून त्याच्या पातळ चकत्या काढतात; उरलेला ठोकळा आम्ही टाकून देत नाही. आमच्या विभागातल्या कपाटात, तिसऱ्या खणात, असे शेकडो ठोकळे आहेत आणि त्यांच्यात एक वामनचा आहे. मी तसं सांगितलं. "त्यांच्यासंगं जळालं नाही म्हणजे ते," त्या म्हणाल्या. "आणून द्या मले." नियमात बसत नाही असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मी केलेल्यातलं काहीच नियमात बसलं नव्हतं.

परवा संध्याकाळी ठोकळा नेऊन दिला. त्यांनी तो तळहातावर घेतला, उजेडाकडे धरून आतला करडा ठिपका पाहिला. राग, रडणं, जे काही मला सोसायला लागलं असतं त्याची मी वाट बघत होतो. त्यांनी फक्त विचारलं, "तवा किती कापा लागलं असतं?"

मी बोटांनी दाखवलं. त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या, आणि मला तो खाली घेता येईना. मग त्यांनी ठोकळा पदराच्या टोकाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "पेपरात लिहून राहिले ना तुम्ही? त्यांच्या माश्या, त्यांची हुशारी, सारं लिहा. पण केवढं होतं ते पण लिहा. लोकाईले समजलं पायजे."

अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला लावलं की मधे जेवढी गोल जागा राहते, तेवढं होतं.