जमादाराच्या घरची भाकरी

सखाराम जमादार लोखंडी जिन्याच्या मध्यावर बसला होता. वर जाता येत नव्हतं आणि खाली उतरायची लाज वाटत होती. खांद्यावरचं वाळूचं पोतं त्यानं पायरीवर टेकवलं होतं. खाली त्याच्या हाताखालचे पहारेकरी माना वर करून उभे होते. कुणी हसत नव्हतं, कारण निम्म्यांना तर तिथवरही पोचता आलं नव्हतं.

"उस्ताद, लई उंच हाय हो," तो वरून म्हणाला.

"जिना होता तेवढाच आहे, जमादार. तुम्ही जड झालात," मी खालून म्हणालो.

लढाई संपली तसं लष्करानं मला मोकळं केलं. नगरच्या छावणीत मी रंगरुटांना पीटी शिकवत असे. पीटी म्हणजे फिजिकल ट्रेनिंग. ती शिकवणाऱ्याला पलटणीत उस्ताद म्हणतात आणि ते नाव मला कायमचं चिकटलं. देवळाली प्रवरेच्या बाजूला एका साखर कारखान्याला इन्स्ट्रक्टर हवा होता. हंगाम सुरू होईपर्यंतचं काम, पुढचं पुढे बघू, अशा बोलीवर मी गेलो.

काम असं होतं. ऊस पिळून जो चोथा उरतो त्याला बगॅस म्हणतात. त्याचे डोंगराएवढे ढीग कारखान्याच्या आवारात असतात आणि वाळले की एका ठिणगीचं निमित्त पुरतं. आदल्या हंगामात असा एक ढीग पेटला, तेव्हा गेटवरचे पहारेकरी बादल्या घेऊन धावले आणि अर्ध्या वाटेत धापा टाकत बसले. ढीग जळून गेला. डायरेक्टर लोक भडकले. पहारेकऱ्यांचंच फायर स्क्वाड करायचं, त्यांची टेस्ट घ्यायची आणि नापास होईल त्याला काढून लष्करातून सुटलेला माणूस घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. टेस्ट साधी होती. भरल्या बादल्या घेऊन पळायचं, पत्र्याखालून सरपटायचं, जिना चढायचा आणि वरून एक माणूस खांद्यावर टाकून खाली आणायचा.

सखारामची नोकरी गेली असती तर क्वार्टरही गेलं असतं. गावाकडच्या त्याच्या वाट्याच्या खोलीत भावानं केव्हाच बैल बांधले होते. परत जायला जागा नव्हती. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि वर म्हणाला, "तुमच्यासारकाच येक पलटणीतला माझ्या जागी येनार, व्हय ना?" मला ते झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं.

मॅनेजर पारखे साहेब हौशी माणूस. त्यांनी मुंबईहून डंबेल्स मागवली होती आणि टॉनिकचे डबे.

"उस्ताद, मॉडर्न पद्धतीनं शिकवा. एका रांगेत डंबेल्स वर, डंबेल्स खाली. बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत."

"साहेब, आग डोळे दिपवून विझत नाही."

"तुम्ही फार बोलता हो," ते म्हणाले. हे मला पलटणीतही पुष्कळांनी सांगितलं होतं.

डंबेल्स मी बगॅसवरच्या ताडपत्रीला वजन म्हणून ठेवली. तिथे ती उपयोगी पडली. पहारेकऱ्यांच्या गेटवरची स्टुलं उचलून स्टोअरला जमा केली आणि बसायचं असेल तर उकिडवं बसा म्हणून सांगितलं. दोनच दिवसांत सगळे मला मनसोक्त शिव्या घालू लागले. मग आम्ही रानात गेलो. अनवाणी बांधावरून चालणं, पाण्याची चारी उडी मारून ओलांडणं, उसाची मोळी खांद्यावर घेऊन ढेकळांतून जाणं, उभ्या बैलगाड्यांखालून सरपटणं, उंबराच्या फांदीला लोंबकळणं आणि एकमेकांना पाठुंगळीला मारून ओढ्यातून नेणं, हीच आमची पीटी. यातलं नवीन काहीच नव्हतं. नोकरी लागण्याआधी सखाराम उसाची राखण करायचा आणि रात्रभर डुकरांमागे पळायचा. अंगाला सगळं येत होतं, गेटवर बसून बसून अंग विसरलं होतं इतकंच.

खरी अडचण चुलीपाशी होती. आमच्याकडे बाजरी-ज्वारीची भाकरी खाणारा तो शेतकरी, आणि गव्हाची चपाती खाणारा तो नोकरदार, असा हिशेब. नोकरी लागली की घरातली परात बदलते. त्यात कारखान्याची साखर. बाहेर लोक रेशनच्या साखरेसाठी रांगा लावत होते आणि आमचे पहारेकरी दिवसभर पाकासारखा चहा पीत होते. बरोबर कँटीनचा पाव. मी सांगितलं, चहा-पाव बंद. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, ताक. आणि सकाळी हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज.

दुसऱ्या दिवशी सखारामची बायको सरूबाई क्वार्टरच्या दारात मला अडवून उभी राहिली.

"उस्तादभाऊ, हुलगं बैलाला घालत्यात. जमादाराला न्हाई."

"बैल जिना चढेल, बाई. जमादार चढत नाही."

"हसू नगा. तुमाला काय, तुमी जाताल निगून. मला हितं ऱ्हायचंय. भाकरी थापली की आवाज सगळ्या चाळीत जातो. बाया म्हनतील, जमादाराच्या घरात खायाला गहू न्हाई."

आमच्या घरीही पाहुणा आला की अम्मी भाकरीची टोपली फडक्याखाली सरकवायची. या लाजेवर मला पीटीत काही शिकवलेलं नव्हतं.

"नोकरी गेली तर चाळच उरणार नाही," शेवटी एवढंच म्हणालो.

ती आत गेली. दुसऱ्या दिवसापासून जमादाराच्या घराचं दार सकाळी बंद असायचं आणि आतून दबकी थापथाप ऐकू यायची. भाकरी थापायच्या लाकडी काटवटीखाली तिनं गोणपाट घातलं होतं. ते कळलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं.

सखाराम हलका होत गेला. आधी पोट गेलं, मग धाप. वाळूचं पोतं घेऊन तो जिना चढून उतरू लागला. बाकीचेही मार्गाला लागले. मी खूश होतो, आणि तेवढ्यात पारखे साहेबांनी टेस्टची वेळ सांगितली. बॉयलर पेटवायची पूजा झाली, की लगेच.

पूजेला डायरेक्टर येणार म्हणून ही सोय. पण पूजा म्हटली की शिरा. कारखान्याची साखर, घरचं असल्यासारखं तूप, आणि वाढणारा पत्रावळ भरल्याशिवाय हलत नाही. प्रसाद टाकायचा नाही, नको म्हणायचं नाही, ही रीत. एवढा शिरा पोटात घालून माझे गडी सरपटले असते तर पत्र्याखालीच आडवे झाले असते.

"साहेब, टेस्ट आधी घ्या," मी म्हणालो.

"पूजेआधी? काहीतरीच काय! आणि प्रसाद खाऊन कुणाचं वाईट झालंय?"

आता मी मुसलमान. पूजेच्या प्रसादाला हात लावू नका, असं मी माझ्या हिंदू पोरांना कोणत्या तोंडानं सांगणार? ऐकलं नसतं तर टेस्ट बुडाली असती आणि ऐकलं असतं तर मी बुडालो असतो. शेवटी सरूबाईच्या दारात गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं कपाळावर हात मारला. "येवढंच व्हय? चिमूटभर तोंडात, बाकीचा पोरांना. देव काय वजन करून बघतोय का?"

पूजेच्या दिवशी पहारेकऱ्यांच्या बायका डबे घेऊन पंगतीमागे उभ्या राहिल्या. पत्रावळ भरली की पहारेकरी चिमूट कपाळाला लावून तोंडात टाकायचा आणि पत्रावळ मागे द्यायचा. डबे भरले, पोरांची चंगळ झाली, रीतही पाळली गेली. पारखे साहेबांनी मात्र डायरेक्टरांच्या शेजारी बसून दोनदा शिरा घेतला.

टेस्ट सुरू झाली. बादल्या झाल्या, सरपटणं झालं. जिन्यावर माणसाऐवजी वाळूचं पोतं ठेवलेलं बघून डायरेक्टर म्हणाले, "पोतं नको. खरा माणूस आणू दे." वर गॅलरीत कोण उभं होतं? पारखे साहेब. व्यवस्था बघायला गेले होते.

सखारामनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो वर गेला, हात जोडले, "माफी आसावी सायेब," म्हणाला आणि साहेबांना खांद्यावर आडवं घेतलं. खाली येताना मध्यावर, अगदी पहिल्या दिवशी बसला होता त्याच पायरीवर, थांबला. त्यानं फक्त पकड बदलली. मग सावकाश, एकेक पाय टेकत, खाली आला आणि साहेबांना अलगद उभं केलं. साहेबांची टोपी वरच राहिली होती.

डायरेक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! काय खाता हो जमादार?"

पारखे साहेब घाईनं म्हणाले, "टॉनिक सर, मुंबईचं..."

चाळीतल्या सगळ्या बाया तिथंच उभ्या होत्या. सखारामनं एकदा सरूबाईकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत तीच पुढं झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाजरीची भाकरी खात्यात. आनि हुलग्याचं माडगं. मी करते."

डायरेक्टर हसले. सगळे पास झाले, सखारामची जमादारकी आणि क्वार्टर शाबूत राहिलं. मग डायरेक्टर पारखे साहेबांना म्हणाले, "भाकरीनं भागतंय तर टॉनिकचे डबे बंद करा. आणि गडी तयार झालेत, तर आता इन्स्ट्रक्टर तरी कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक घेऊन निघालो. चाळीवरून जाताना थापथाप ऐकू आली, एका घरातून नव्हे, बऱ्याच घरांतून. सरूबाईचं दार सताड उघडं होतं आणि काटवटीखालचं गोणपाट उंबऱ्याबाहेर पाय पुसायला टाकलेलं होतं. तिनं फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या हातात दिल्या. "वाटंत खा, उस्तादभाऊ. चहा-पाव नगा खाऊ."

पलटणीत शिकवलं होतं की गडी असा तयार करा की त्याला तुमची गरज उरणार नाही. ते ज्या दिवशी जमतं त्या दिवशी नोकरी जाते, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं होतं.